बांगडा-तारली घरी करताना: सगळा खेळ तेलाचा आणि वेळेचा

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. दुपारी एकच्या सुमाराला पुण्याहून भाचीचा फोन. "मावशी, सहा बांगडे आणलेत. आता काय करू सांग."

मी विचारलं, "किती वाजता आणलेस?"

तिला वाटलं होतं मी वाटणाचं काही सांगेन. म्हणाली, "दहाला. मग मीटिंग लागली, पिशवी ओट्यावरच राहिली."

मी तिला ते बांगडे टाकून द्यायला सांगितले. "अगं पण वास येत नाहीये जराही!" तिचं खरं होतं. वास येत नसणार. सहा बांगडे फेकायचे म्हणजे कोकणातल्या बाईच्या जिवावर येतं, माझ्याही आलं. पण त्या तीन तासांत माशाच्या आत काय झालं असेल ते तिला नाकाने कळणार नव्हतं आणि मला फोनवरून दिसणार नव्हतं. त्या दिवशी तिला घाईघाईत जे सांगितलं, ते इथे सावकाश सांगते आहे.

बांगडा, तारली, पेडवे हे आपल्या किनाऱ्यावरचे लहान तेलकट मासे. स्वस्त आणि चविष्ट. शहरातल्या कितीतरी घरांत मात्र ते "वास येतो" म्हणून येत नाहीत. माझं म्हणणं असं की या माशांची चव त्यांच्या तेलात आहे, वासाची तक्रारही बऱ्याच अंशी तेलापाशीच जाते, आणि ते तेल सांभाळायला मसाल्यापेक्षा घड्याळ जास्त उपयोगी पडतं.

आधी ते तीन तास

बांगडा आणि तारली आयुष्यभर थव्याने पोहत असतात. बोंबलासारखं तळाशी लोळत पडणं त्यांच्या नशिबी नाही. सतत पोहण्यासाठी त्यांच्या अंगात लाल मांसाचा पट्टा असतो. शिजवलेल्या बांगड्याची साल काढलीत तर कुशीवर मधोमध तपकिरी पट्टी दिसते, तीच ही. या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. ते स्वतः निरुपद्रवी आहे. पण मासा मेल्यावर गरम हवेत राहिला की कल्ल्यांतले आणि आतड्यातले काही जीवाणू वाढू लागतात आणि या हिस्टिडीनचं हिस्टामीन करतात.

हिस्टामीन म्हणजे तेच द्रव्य, जे अॅलर्जी आली की आपलं शरीर स्वतः सोडतं. त्यामुळे असा मासा खाल्ला की काही मिनिटांत किंवा तास-दोन तासांत चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगाला खाज सुटते, कधी उलटी-जुलाब होतात. आमच्या घरी एकदा मे महिन्यात असंच झालं होतं. जेवून उठेपर्यंत धाकट्या दिरांचे कान आणि मान लालबुंद. सगळे म्हणाले, यांना बांगडा चालत नाही. पुढे दोन वर्षं बिचाऱ्यांनी बांगड्याला हात लावला नाही. नंतर ताजे बांगडे खाल्ले, काही झालं नाही. दोष त्या दिवशी उन्हातून तासन्‌तास फिरलेल्या माशांचा होता. अर्थात असा त्रास झाला तर ती खरी अॅलर्जी की हे, याचा निवाडा डॉक्टरांनीच करायचा. श्वास लागत असेल तर एक मिनिटही न दवडता दवाखाना गाठायचा.

यातली खरी अडचण अशी की हिस्टामीन उष्णतेने मोडत नाही. उकळा, तळा, कुकरच्या चार शिट्ट्या काढा, ते जिथल्या तिथे राहतं. फ्रीजरमध्येही जात नाही. वास आणि चव नेहमीसारखी असूनही ते पुरेसं साचलेलं असू शकतं. शिवाय जीवाणूंनी त्यासाठी लागणारं एन्झाइम एकदा तयार केलं, की मासा नंतर फ्रीजमध्ये ठेवला तरी ते काम धिम्या गतीने चालू राहतं. म्हणजे उशिरा थंड करण्याला फारसा अर्थ उरत नाही. पहिल्यापासून थंड ठेवणं हा एकच उपाय आहे: ४ अंशांच्या खाली, आणि जमलं तर बर्फातच, कारण वितळत्या बर्फाचं तापमान शून्य अंशावर टिकून राहतं.

म्हणून बाजारात जाताना बर्फाची पिशवी आणि झाकणाचा डबा बरोबर न्या. दूर राहत असाल तर माशाच्या वजनाइतका बर्फ हवा, आणि तो फोडलेला हवा. मोठी लादी माशाला एकाच बाजूने टेकते, चुरा सगळीकडून वेढतो. बाजार शेवटी करा, आधी भाजी आणि वाणसामान.

तेल येतं कुठून, आणि खवटतं कसं

तारलीला इंग्रजीतही तेलाचीच ओळख आहे, ऑइल सार्डीन. शास्त्रीय नाव सार्डिनेला लाँजिसेप्स. पश्चिम किनाऱ्यावर तिचं तेल काढून लाकडी होड्यांना चोपडायची पद्धत होती, आणि जाळ्यात मावेनाशी झाली की नारळाच्या बुंध्यात खत म्हणून पडायची.

हे तेल वर्षभर सारखं नसतं. पावसाळ्यात नैर्ऋत्य वाऱ्यांमुळे समुद्राचं खालचं थंड, सकस पाणी वर येतं. सूक्ष्म वनस्पती फोफावतात, त्यावर बारीक जीव पोसतात आणि त्यांवर तारली. तिच्या विणीचा मुख्य काळही हाच. त्यामुळे ऑगस्टच्या सुरुवातीला, १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी उठल्या उठल्या, जी तारली येते ती बरेचदा विऊन रोडावलेली असते. मग ती खात सुटते. ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत अंगावर तेल चढतं. हंगामाबाहेर २ ते ४ टक्क्यांवर आलेलं तेल ऐन हंगामात १० टक्क्यांच्याही पुढे जातं. गंमत म्हणजे तेल वाढतं तेवढं पाणी घटतं. दोन्ही मिळून माशाच्या मांसाच्या सुमारे ८० टक्के भरतात. म्हणून मेमधली तारली तव्यावर पाणी सोडते आणि नोव्हेंबरातली तेल सोडते.

माझा नियम याच्यावरच बेतलेला आहे. दिवाळीच्या आसपासची तारली भाजायची किंवा तव्यावर टाकायची, चमचाभर तेल पुरतं. उन्हाळ्यातली रोड तारली कालवणात घालायची, तिथे खोबरं तिची उणीव भरून काढतं. मासा बघून बेत ठरवावा, बेत ठरवून मासा आणू नये.

आता खवटपणाचं. खोबरेल तेल थंडीत गोठतं, माशाचं तेल गोठत नाही. खोबरेलच्या रेणूंच्या साखळ्या सरळ असतात, काड्यांच्या मोळीसारख्या एकमेकींना चिकटून बसतात. माशाच्या तेलातल्या साखळ्या जागोजागी मुडपलेल्या असतात, त्यामुळे त्या घट्ट बसतच नाहीत आणि गारव्यातही तेल पातळ राहतं. ज्याचं एवढं कौतुक चालतं ते ओमेगा-३ म्हणजे अशाच मुडपलेल्या साखळ्या. पण नेमकी तीच मुडपलेली जागा हवेतल्या प्राणवायूला कमजोर सापडते. तो तिथे शिरतो, साखळी तुटते आणि तुकडे हवेत उडतात. डब्यात विसरलेले शेंगदाणे खवट लागतात ते याच कारणाने. माशात ही गोष्ट कैक पटींनी वेगाने घडते.

या कामाला चालना देतं ते रक्तातलं लोह. पोटातलं रक्त नीट धुतलं नाही तर माशाच्या चवीला तिथूनच धक्का लागायला सुरुवात होते.

खारवलेल्या बांगड्याचं कोडंही यातच सुटतं. बोंबील वलांडीवर, म्हणजे मासे टांगायच्या बांबू-दोरीवर, नुसत्या उन्हात वाळतो, कारण त्यात तेल जवळजवळ नाही. बांगडा तसा टांगला तर वाळायच्या आधी त्याचं तेल खवटेल. म्हणून तो फाडून मिठात मुरवतात. तरीही जुन्या खाऱ्या बांगड्यावर तांबूस-पिवळी छटा चढते. मी तिला तेलाचा गंज म्हणते. घेताना ती छटा बघून घ्या, फिकट बांगडा निवडा.

टोपलीतून निवडताना

डोळे फुगीर, कल्ले लालभडक, अंग ताठ, हे सगळ्यांना ठाऊक आहे. लहान तेलकट माशांसाठी मी आणखी एक बघते: पोट. हे मासे खाता खाताच जाळ्यात सापडतात, पोटात पाचकरस भरलेले असतात. मासा मेल्यावर ते रस आतूनच पोट पचवायला लागतात. पोट मऊ पडतं, मग फुटतं. वाट्यातल्या दोन-तीन तारल्यांची पोटं फुटलेली दिसली तर तो वाटा सोडून द्या, डोळे कितीही चकचकीत असोत.

तारली ओळखायची तर कल्ल्याच्या झाकणाच्या मागच्या कडेला काळा ठिपका असतो आणि त्याच्या पाठीमागे फिकट सोनेरी डाग. ताज्या बांगड्याच्या पाठीवरचे डोक्याकडून शेपटीकडे जाणारे पट्टे सोनेरी झळाळतात, शिळ्याचे काळपट होतात. आणि बोटाएवढे बांगडे घेऊ नका. केरळात तारली १० सेंटीमीटरपेक्षा आणि बांगडा १४ सेंटीमीटरपेक्षा लहान असेल तर पकडायला बंदी आहे. एकदाही न व्यालेली पिल्लं आपणच संपवली तर पुढच्या वर्षी टोपलीत काय येणार?

घर अर्ध्या तासाच्या आत असेल तर कोळणीकडून खुशाल साफ करून घ्या. लांब असेल तर मासा अख्खाच बर्फात आणा आणि घरी पोचल्या पोचल्या साफ करा. कापलेल्या मांसाला हवा लागते, ते आधी खराब होतं.

साफ करणं

तारलीला विळी लागतच नाही असं म्हटलं तरी चालेल. एक भांडं थंड पाण्याचं घ्या, लिटरभर पाण्याला मोठा चमचाभर मीठ. नुसत्या पाण्यात मांस पाणी पितं आणि भुसभुशीत होतं, खारट पाण्यात घट्ट राहतं. तारली पाण्याखाली धरून शेपटीकडून डोक्याकडे अंगठा फिरवा. खवले इतके सैल असतात की चांदीच्या टिकल्यांसारखे पाण्यावर तरंगायला लागतात. पाण्याखाली केलं म्हणजे ते भिंतीवर उडत नाहीत.

मग मासा डाव्या मुठीत, पाठ वर. कल्ल्यांच्या मागे पाठीच्या बाजूने सुरी टेकवून मणका तेवढा कापायचा, खालचं कातडं शाबूत ठेवायचं. आता डोकं पोटाकडे वाकवून हलकेच ओढा. डोक्याबरोबर आतडी अख्खी बाहेर येतात. पहिल्या दोन-तीन वेळा तुटतील, तुटू द्या. चौथ्या माशाला हाताला अंदाज येतो.

तारलीच्या पोटाच्या कडेवर बोट फिरवलंत तर करवतीसारखे दाते लागतील. ते कितीही शिजले तरी घशाला टोचतात. कात्रीने ती कड काडीएवढी कापून टाका, पोटही त्यानेच उघडतं. आता आत बघा. मणक्याला लागून काळपट लाल दोरा दिसेल. तो रक्ताचा. अंगठ्याचं नख त्यावरून डोक्याकडून शेपटीकडे ओढा आणि वाहत्या पाण्याखाली धरा. तो निघून आतली बाजू पांढुरकी-गुलाबी दिसली की मासा झाला. माझी आई पोरींना मासे साफ करायला शिकवताना फक्त एवढंच तपासायची, पोट उघडून उजेडाकडे धरायची. पोटातला काळा पापुद्राही बोटाने पुसून काढा, तो कडवट लागतो.

बांगड्याला खवले नखभरही नसतात, वरून सुरी फिरवली की पुरे. कल्ले कात्रीने कापून ओढून काढा, डोकं ठेवणार असाल तर हे विसरू नका. पोटाला चीर द्या, बाकी सगळं तारलीसारखंच. तव्यावर टाकायचा असेल तर दोन्ही बाजूंना तीन-तीन तिरक्या चिरा पाडा. बांगडा पाठीकडे जाड आणि पोटाकडे पातळ असतो. चिरा नसतील तर पोट करपतं तेव्हा कुठे पाठ शिजते.

शेवटी स्वच्छ फडक्याने टिपून कोरडा करा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मग मासा तव्याला चिकटला म्हणून तव्याला बोल लावतात.

आंबट, तिरफळ आणि वास

समुद्रातल्या माशांच्या अंगात एक द्रव्य असतं, खाऱ्या पाण्यात त्यांच्या पेशी सुकू नयेत म्हणून. मासा मेल्यावर जीवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात. "मासळीचा वास" म्हणतो तो मुख्यतः याचाच. हे द्रव्य अल्कधर्मी आहे. त्याला आम्ल भेटलं की त्याचा क्षार होतो, आणि क्षार हवेत उडत नाही. नाकापर्यंत काही पोचत नाही म्हणून वास गेल्यासारखा वाटतो. आमसूल, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), चिंच, कैरी, बिंबल, लिंबू, सगळ्यांचं काम हेच. माशाला आंबट लावायची आपली रीत नुसती चवीसाठी नाही.

पण हे नीट लक्षात घ्या: आंबटाने वास दबतो, हिस्टामीन दबत नाही. शिळ्या माशाला लिंबू चोळून तो ताजा होत नाही.

मीठ, हळद आणि आगळ लावून वीस मिनिटं पुरे. तासभर ठेवलं तर आंबटाने वरचं मांस पांढरं पडतं, कच्चंच शिजल्यासारखं होतं आणि मग तव्यावर कोरडं लागतं. एक किलोला दोन मोठे चमचे आगळ हा माझा अंदाज. आगळात मीठ असतंच, ते धरून वरचं मीठ घाला.

खवट वासावर मात्र आंबटाची मात्रा चालत नाही, कारण तो वास अल्कधर्मी द्रव्याचा नसतो. तिथे तिरफळ कामी येतं. तिरफळाचा सुगंध माशाच्या तेलात छान मिसळतो आणि जिभेला हलकी झिणझिणी आणतो. चिनी स्वयंपाकातली सिच्वान मिरी याच्याच कुळातली, झँथोझायलम. सहा बांगड्यांना आठ-दहा तिरफळं घ्या. आतली काळी बी काढून टाका, टरफल तेवढं ठेचा. वाटणात बारीक वाटू नका, कडवटपणा येतो. आमच्याकडे तिरफळ पडलं की लसूण पडत नाही. दोघंही उग्र, एकमेकांना जुमानत नाहीत. पापलेटच्या कालवणात तिरफळ घातलेलं मला आवडत नाही, तिथे मासाच हरवतो. बांगडा त्याला पुरून उरतो.

तव्यावर

मासा चिकटतो कारण गरम होताना त्याची प्रथिनं उलगडतात आणि धातूला धरतात. तवा आधीच पुरेसा तापलेला असेल आणि मासा कोरडा असेल, तर प्रथिनं धातूपर्यंत पोचायच्या आत पृष्ठभाग शिजून कडक होतो. रवा आणि तांदळाचं पीठ मधे पडदा धरतात. मी तीन भाग रवा, एक भाग पीठ घेते. नुसता रवा गळून पडतो आणि तेलात करपतो, पीठ त्याला धरून ठेवतं.

बिडाचा तवा असेल तर उत्तम. तापवा, दोन चमचे तेल सोडा, तेल पातळ होऊन पसरलं की मासे ठेवा आणि हात काढून घ्या. कडा सोनेरी झाल्या की मासा स्वतःहून तवा सोडतो. उलथणं घातल्यावर तो अडला तर अजून वेळ झालेली नाही, अर्धं मिनिट थांबा. तारलीला एका बाजूला दोन ते तीन मिनिटं, मध्यम बांगड्याला चार ते पाच. मणक्याजवळचं मांस पारदर्शक राहिलं नाही आणि काट्यापासून सुटायला लागलं की उतरवा. तेलकट मासा एखादं मिनिट जास्त झाला तरी बोंबलासारखा रुसत नाही, त्याचं तेल त्याला ओलसर ठेवतं. नवशिक्यांनी याच माशांपासून सुरुवात करावी असं मी म्हणते ते म्हणूनच.

खोल तेलात तळू नका असं मी सांगेन. तळताना माशातलं तेल कढईत उतरतं आणि कढईतलं माशात शिरतं, म्हणजे ज्यासाठी मासा आणला तेच जातं. ते उरलेलं तेलही ठेवू नका, लवकर खवटतं.

हळदीची पानं मिळत असतील, भाद्रपदात पातोळ्यांसाठी आणलेली उरली असतील, तर पेडवे किंवा तारल्या मीठ-तिखट-आगळ लावून त्यात गुंडाळा आणि झाकण ठेवून मंद तव्यावर दोन्हीकडून भाजा. पान करपतं, मासा वाफेत आपल्याच तेलात शिजतो. यासारखी तारली मी दुसरी कुठली खाल्लेली नाही.

कालवण

सहा बांगड्यांना एक मध्यम नारळ, आठ-दहा ब्याडगी मिरच्या, चमचाभर धणे, पाव चमचा हळद. गंधासारखं वाटण करा. आधी वाटण पाण्यात उकळून घ्या, आमसुलं पाच-सहा घाला, मीठ घाला, चव बघा. मासे सर्वांत शेवटी. सोडल्यावर एक उकळी, मग मंद आच, सहा ते आठ मिनिटं, झाकण न ठेवता. उरलासुरला वास वाफेबरोबर निघून जातो, आणि खोबऱ्याचा रस फुटत नाही. उतरवायच्या दोन मिनिटं आधी ठेचलेली तिरफळं आणि वर चमचाभर कच्चं खोबरेल.

यात डाव फिरवायचा नाही. आई म्हणायची, "ढवळू नको गो, तवली हलय." फडक्याने तवलीचा काठ धरून ती गोल हिंदकळवायची, मासे अख्खे राहतात. माशाच्या मांसात तंतू धरून ठेवणारं कोलॅजन फार थोडं असतं आणि ते लवकर विरघळतं, म्हणून शिजलेला मासा डावाचा धक्का सोसत नाही. भांडं मातीचं किंवा स्टीलचं घ्या. अॅल्युमिनियमला आमसूल लागतं आणि कालवण कळकतं.

गोव्याकडचं बांगड्यांचं उडदमेथीही करून बघा. उडीद डाळ आणि मेथ्या तेलावर परतून वाटणात जातात. मेथीचा किंचित कडूपणा तेलकटपणाला आवर घालतो. मेथ्या अर्ध्या चमच्याच्या वर गेल्या की मात्र सगळं कडू.

काटे, फ्रीजर आणि दुसरा दिवस

मुलं काट्यांमुळे तारली खात नाहीत, ही तक्रार रास्त आहे. त्यावर कुकर आहे. डबाबंद तारलीचे काटे चावता येतात ते बंद डब्यात वाफेच्या दाबाखाली तापवल्यामुळे. घरचा कुकरही पूर्ण दाबावर १२० अंशांच्या आसपास जातो. साफ केलेल्या तारल्या एकमेकींना लागून मांडा, मीठ, आगळ किंवा व्हिनेगर, मिरी, चार चमचे तेल आणि मासे बुडतील इतकं पाणी. शिट्टी झाली की आच अगदी बारीक करून तासभर ठेवा. कुकर आपोआप निवू द्या. काटे खडूसारखे भुसभुशीत होतात आणि माशाबरोबर खाल्ले जातात, त्यातल्या कॅल्शियमसकट. लहान मुलांना देण्याआधी एक तारली बोटाने कुस्करून काटे खरंच मऊ झालेत ना ते बघा. हे मासे आखूड आयुष्याचे आणि समुद्रातल्या अन्नसाखळीच्या खालच्या पायरीवरचे, त्यामुळे मोठ्या शिकारी माशांत साठतो तसा पारा त्यांच्यात साठत नाही. मुलांसाठी सुरमईच्या मोठ्या तुकड्यापेक्षा तारली बरी, असं मी ठामपणे म्हणते.

फ्रीजरमध्ये ठेवायचे तर साफ करून डब्यात, वर मासे बुडतील इतकं पाणी ओतून. बर्फाची लादी तयार होते आणि हवा तेलापर्यंत पोचत नाही. तरी दोन महिन्यांच्या आत संपवा. गोठवल्याने जीवाणू थांबतात, खवटणं फक्त हळू होतं. काढताना रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, ओट्यावर नको.

ताटं-भांडी आधी गार पाण्याने विसळा. गरम पाण्याने प्रथिनं भांड्याला चिकटून बसतात. मग चिंचेचा कोळ किंवा लिंबाची साल फिरवा, साबण शेवटी. हातांनाही तेच, वर थोडं बेसन.

कालवण उरलं तर ते निवल्यावर लगेच फ्रीजमध्ये, दोन तासांच्या वर बाहेर नको. पूर्वी तवली चुलीच्या उबेला ठेवायचे, आमसूल जास्त आणि रात्रीतून एक उकळी काढलेली असायची. आपल्या गॅसच्या ओट्यावर ते करू नका. सकाळी उकळी येईपर्यंत गरम करा. रात्रभरात आंबट-तिखट मांसात पुरतं उतरलेलं असतं, बांगड्याचं तेल रसावर केशरी चट्ट्यांनी तरंगत असतं, आणि मऊ भाताबरोबर बोट लावलं की मांस काट्यावरून अख्खं सरकून येतं.